निकम मॅडमची भिंत

उन्हाळ्यात तोंडाला ओढणी गुंडाळून, फक्त डोळे उघडे ठेवून कुणी बाई गाडीवरून गेली की मला निकम मॅडम आठवतात. म्हणजे मार्च ते जून त्या मला नाशकातल्या प्रत्येक सिग्नलला आठवतात. मॅडम जाऊनही आता बरीच वर्षं झाली. शेवटी त्या मुलाकडे बडोद्याला राहायला गेल्या होत्या आणि तिथून एका दुपारी फक्त फोन आला. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते नाशकातच, त्र्यंबक रोडला, आणि तेच बरं झालं असं मला वाटतं. निरोपाला लागणारा गंभीर चेहरा करणं त्यांना कधी जमलंच नसतं.

मॅडम आर्किटेक्ट होत्या. कॉलेज रोडला एका डोळ्यांच्या दवाखान्यावर त्यांचं ऑफिस होतं. दवाखान्यात आलेली माणसं डोळ्यांत औषध घातल्यावर चुकून एक जिना जास्त चढायची आणि आमच्याकडे येऊन बसायची. मॅडम त्यांना चहा पाजून मग खाली पाठवायच्या.

आम्ही सगळे इमारतीच्या दर्शनी बाजूला 'एलिव्हेशन' म्हणायचो. मॅडम 'तोंड' म्हणायच्या. "याचं तोंड सुजलंय." "याने तोंड धुतलेलं दिसत नाही." त्या काळात ज्याच्या हातात चार पैसे आले तो उठून इमारतीला निळी काच लावत होता, आणि निळी काच पाहिली की मॅडमचं डोकं फिरायचं. एकदा गंगापूर रोडला सिग्नलला थांबलेल्या असताना त्यांनी शेजारच्या नव्याकोऱ्या इमारतीकडे पाहून ओढणीतूनच आवाज लावला, "अरे मेल्या, पश्चिमेचं ऊन असं तोंडावर घेतात का? मला कळतं ते तुला कळू नये? बांध की काहीतरी तोंडाला!" शेजारी स्कूटरवर बसलेले गृहस्थ इतके दचकले की त्यांनी खिशातून रुमाल काढून खरोखर तोंडाला बांधला. मी मॅडमच्या मागे बसलो होतो. मी दुसरीकडे पाहिलं.

त्यांच्याकडे मी लागलो तो नव्वदच्या दशकाच्या मध्यावर. मी मूळचा मनमाडचा, वडील रेल्वेत. मुंबईच्या एका मोठ्या फर्ममध्ये काही वर्षं काढून, कॉम्प्युटरवर ड्रॉइंग करायला शिकून मी परत आलो होतो, आणि नाशिकने माझी निदान छोटीशी मिरवणूक तरी काढावी अशी माझी अपेक्षा होती. मॅडमनी माझी फाईल उघडलीही नाही. टेबलाखालून एक लाल डांगर काढून माझ्यासमोर ठेवलं, वर एक मोठा पांढरा कागद दिला आणि म्हणाल्या, "याला अंगरखा घाल. चुणी पडता कामा नये."

मी घाम पुसत त्या डांगराशी झटलो. एकीकडून बसवला की दुसरीकडे चुणी. मॅडम शांतपणे पेपर वाचत होत्या. शेवटी मी हात टेकले तेव्हा त्यांनी कात्री पुढे सरकवली.

"अखंड कागद गोल अंगावर बसत नसतो, साळवे. तुकडे करावे लागतात. आणि सगळे तुकडे एका मापाचे करून चालत नाही. मध्यावरचा वेगळा, देठाजवळचा वेगळा. कळलं? सोमवारपासून ये."

दुसऱ्या दिवशी त्या डांगराचे घारगे मला डब्यातून घरी पोचवले. माझ्या आईला मुलाला नोकरी लागल्याची बातमी आणि तिचा पुरावा एकदमच मिळाला.

ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला त्या वर्षीच्या दसऱ्याची गोष्ट सांगायलाच हवी, कारण पुढे ती कामाला येते. दसऱ्याला आमच्याकडे ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, टेप या सगळ्यांची पूजा व्हायची. त्या वर्षी मॅडमनी कॉम्प्युटरला झेंडूचा हार घातला, मॉनिटरच्या कोपऱ्यात कुंकवाचं ठसठशीत बोट लावलं, आणि मी "मॅडम, तिथं नको" म्हणेपर्यंत माऊसवरही हळद-कुंकू, अक्षता वाहून मोकळ्या झाल्या. तेव्हाच्या माऊसच्या पोटात गोळी असायची. एक अक्षता नेमकी आत शिरली. दुसऱ्या दिवसापासून पडद्यावरचा बाण वर जाई, खाली जाई, उजवीकडे जाई, पण डावीकडे म्हणून जाईना. मी माऊस उघडला, कुंकू खरवडलं, तांदूळ काढला आणि रागारागाने मॉनिटरवरचं कुंकूही पुसायला ओला फडका घेतला. मॅडमनी माझा हात धरला. "माऊसचं पूस, तो बिचारा काम करतो. ते राहू दे. एकदा लावलेलं कुंकू पुसायचं नाही." तो मॉनिटर भंगारात गेला तोवर ते कुंकू त्याच्या कपाळावर होतं.

आता त्यांच्या बोलीबद्दल. मॅडम देवळ्याच्या, घरची कांद्याची शेती. एरवी बोलणं अगदी पुस्तकी, पण राग अनावर झाला की त्यांची अहिराणी बाहेर पडायची. ऑफिसात आम्ही कान देऊन असायचो. 'काय आहे हे?' असं विचारलं तर चूक दुरुस्त करून द्यायची. 'हाई काय शे?' आलं की सरळ टपरीवर निघून जायचं.

दोन हजार सालानंतर काही वर्षांनी मी ऑफिसात पॅरामेट्रिक सॉफ्टवेअर आणलं. साध्या ड्रॉइंगमध्ये तुम्ही एकेक रेघ काढता. इथे तुम्ही रेघ काढत नाही, नियम सांगता. भिंत एवढी, तिच्यावर झडपा एवढ्या, जिथे ऊन जास्त तिथे झडप कमी उघडी, जिथे सावली तिथे जास्त. मग एक आकडा बदलला की भिंतीवरच्या सगळ्या झडपा आपापल्या जागी हलतात. मॅडम तेव्हा पन्नाशी ओलांडून गेल्या होत्या. मला वाटलं, नाक मुरडतील. त्या खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसल्या आणि दोन तास उठल्या नाहीत.

"ही तर आमच्याकडची भाऊबंदकी झाली," त्या म्हणाल्या. "एकाच्या बांधाला हात लावला की सगळं गाव हलतं."

आकडा बदलायला पडद्यावर एक छोटी पट्टी असते, तिच्यावरचं बटण मागेपुढे सरकवायचं. मॅडमनी तिचं नाव 'घसरपट्टी' ठेवलं. माऊसला त्या शक्यतो हात लावत नसत, बहुधा जुन्या आठवणीने. शेजारी बसून हुकूम सोडायच्या, "घसरव. अजून घसरव. अरे, एवढं नाही, आता मागे घे." पडद्यावर झडपा उघडायच्या, मिटायच्या, आणि मॅडम हातातला चहा गार होईपर्यंत बघत राहायच्या. इतक्या वर्षांत मी त्यांना कुठल्या यंत्राला जीव लावताना पाहिलं असेल तर ते हेच.

आणि मग ते होस्टेलचं काम आलं. त्र्यंबक रोडला एका संस्थेचं मुलींचं वसतिगृह. प्लॉट असा की खोल्यांची तोंडं पश्चिमेला, रस्त्याकडे करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. संस्थेचे अध्यक्ष दादासाहेब कांद्याचे मोठे व्यापारी, मनाने चांगले, पण त्यांनाही निळी काच हवी होती. खिडक्या कायमच्या बंद आणि आत पंखे. "मुलींचा मामला आहे, मॅडम. समोर रस्ता. टवाळ पोरं उभी राहतात. खिडक्याच नकोत."

 बैठकीतून परतताना मॅडम गाडी बाजूला घेऊन थांबल्या, ओढणी सोडली आणि मला त्यांच्या स्वतःच्या होस्टेलची गोष्ट सांगितली. देवळ्याहून त्या आणि त्यांची मैत्रीण लीला, दोघी नाशकात शिकायला आल्या होत्या. खोली पश्चिमेची. समोर पोरं उभी राहतात म्हणून रेक्टरबाईंनी खिडकीवर फळ्या ठोकल्या. परीक्षेच्या दिवसांत त्या खोलीत बसवत नसे. लीला वर्गात पहिली येणारी, पण तिला त्या बंद खोलीत चक्कर यायची, श्वास कोंडायचा. एका एप्रिलमध्ये तिचे वडील आले आणि ट्रंक उचलून तिला घेऊन गेले. त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न लावून टाकलं.

"माझ्याहून हुशार होती रे," मॅडम म्हणाल्या. "खिडकीला फळ्या नसत्या तर राहिली असती. मला या पोरींची खिडकी उघडी हवी आहे. त्यांना बाहेरचं दिसलं पाहिजे, बाहेरच्याला त्या दिसता कामा नयेत, वारा आला पाहिजे आणि ऊन येता कामा नये. एवढं एक काम मला नीट करायचं आहे. बाकीच्यांना काय काच लावायची ती लावू दे."

मग ओढणी पुन्हा बांधून त्यांनी गाडी सुरू केली.  

पुढच्या बैठकीसाठी मी पडद्यावर दाखवायला रंगीत चित्रं तयार केली होती. मॅडमनी ती उघडूच दिली नाहीत. पिशवीतून दोन पुडकी काढून दादासाहेबांच्या पुढ्यात ठेवली. साठवणीच्या एकाच चाळीतले, एकाच दिवशी भरलेले कांदे. एक पुडकं जाळीचं, एक प्लास्टिकचं, घट्ट गाठ मारलेलं. प्लास्टिकची गाठ सोडल्याबरोबर संस्थेच्या चिटणीसांनी खुर्ची मागे घेतली.

"ही तुमची काच," मॅडम म्हणाल्या, "आणि ही माझी चाळ. दादासाहेब, तुम्ही कांदा कुठे ठेवता? चाळीला फटी ठेवता ना? ऊन लागत नाही, वारा खेळतो. आमच्या घरच्या कांद्याला जेवढी हवा मिळते तेवढी या पोरींना मिळू द्या, एवढंच माझं म्हणणं."

दादासाहेब त्या सडक्या कांद्याकडे बघत राहिले आणि मग मोठ्यांदा हसले. "मॅडम, तुम्ही मला माझ्याच धंद्यात पकडलंत." काच गेली. भिंत मॅडमची झाली.

ती भिंत आम्ही सहा महिने घसरपट्टीवर घडवली. खोल्यांपुढे हातभर रुंदीचा सज्जा, आणि सज्ज्यापुढे ॲल्युमिनियमच्या झडपांची रांगच रांग. बाहेरचं माप सगळ्यांचं एक, उघडण्याचा कोन प्रत्येकीचा वेगळा. भिंतीच्या उत्तर टोकाला एक जुना वड होता, त्याची सावली तिथे पडायची, म्हणून त्या बाजूच्या झडपा चांगल्या ऐसपैस उघड्या. दक्षिणेकडे सावली नाही, तिथल्या जवळजवळ मिटलेल्या, नुसत्या फटी. मॅडम एकेका खोलीत मनाने जाऊन बसायच्या. "इथे पोरगी टेबल लावेल. तिला वडाचा शेंडा दिसू दे. घसरव थोडं." सॉफ्टवेअरने प्रत्येक झडपेला नंबर दिला, उत्तरेच्या खालच्या कोपऱ्यापासून एक, दोन, तीन असा. त्या नंबरांनी सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये झडपा तयार झाल्या. मॅडमचा हट्ट एकच, की सगळं नटबोल्टवर हवं, कुठेही कायमचं चिकटवायचं नाही. "लावलेलं काढता आलं पाहिजे" हे त्यांचं आवडतं वाक्य होतं. ओढणीपासून इमारतीपर्यंत सगळ्याला ते लागू होतं.

मॅडमची आणखी एक सवय म्हणजे चालू काम त्या आधी लांबून पाहायच्या. साईटवर गेल्या तरी थेट आत शिरत नसत. रस्त्यापलीकडच्या टपरीवर चहा घेत इमारतीच्या तोंडाकडे पाहत उभ्या राहायच्या. झडपा बसवायला सुरुवात झाली तेव्हा त्या आठवडाभर तापाने घरी होत्या आणि मी दुसऱ्या कामात अडकलो होतो. बऱ्या झाल्यावर आम्ही दोघं टपरीवर गेलो. भिंतीचा बराचसा भाग झडपांनी भरला होता, उन्हात चमकत होता. मला तर गहिवरून आलं. मॅडमनी एक घोट घेतला. दुसरा घेतला. मग कप खाली ठेवला.

"साळवे, वडामागे सगळ्या मिटलेल्या का दिसतात?"

मी नीट पाहिलं. अख्खी भिंत उलटी लागत होती. सावलीतल्या झडपा मिटलेल्या आणि उन्हातल्या सताड उघड्या.

मॅडम रस्ता ओलांडून गेल्या त्या बाणासारख्या. "भामरे भाऊ! हाई काय शे?"

कॉन्ट्रॅक्टर भामरे सटाण्याचे, सज्जन माणूस, कपाळाला कायम गंध. "काय व्हयनं ताई?"

"एक नंबर कुठे लावला?"

"नैर्ऋत्य कोपरा शे ना ताई," भामरे समजावणीच्या सुरात म्हणाले. "पूजा तठेच करी, मग एक नंबर बी तठेच लावा. कोणतंही काम नैर्ऋत्येपासूनच सुरू करतात. तुमच्या त्या कॉम्प्युटरला काय माहीत?"

खरोखरच कॉम्प्युटरला ते माहीत नव्हतं. ड्रॉइंगवर बाण होता, उत्तर लिहिलेली होती, पण एक नंबरची वस्तू पूजेच्या कोपऱ्यात न बसवता दुसऱ्या टोकाला बसवायची हे भामऱ्यांच्या मनाला शिवलंसुद्धा नाही. आणि माप सगळ्यांचं एकच असल्यामुळे कुठे अडलंही नाही. दक्षिणेकडून सुरुवात करून सगळं बिनबोभाट बसत गेलं.

उद्‌घाटन तोंडावर आलं होतं. दादासाहेब धावत आले. त्यांनी भिंत पाहिली आणि त्यांना ती फारच आवडली. "छान तर दिसतंय, मॅडम. उलटं काय नि सुलटं काय, लोकांना थोडंच कळणार आहे?"

"लोकांना नाही कळणार," मॅडम म्हणाल्या. "चला, वर बसून बोलू. भामरे भाऊ, तुम्हीपण या. चहा मागवलाय."

त्यांनी आम्हा सगळ्यांना दक्षिण टोकाच्या खोलीत नेलं. मे महिन्याची दुपार उतरायला लागली होती. त्या सताड उघड्या झडपांतून ऊन सरळ आत येऊन भिंतीपर्यंत पोचलं होतं. मॅडमनी दादासाहेबांची खुर्ची नेमकी टेबलाच्या जागी मांडली आणि गरमागरम चहा त्यांच्या हातात दिला.  दादासाहेबांनी टोपी काढली. भामऱ्यांचं गंध नाकावर उतरलं. मी खिशात रुमाल शोधत होतो. तेवढ्या वेळात मॅडमनी लीलाची गोष्ट त्यांनाही सांगितली, अगदी साध्या आवाजात, एखादीचा पत्ता सांगावा तशी.

दादासाहेबांनी अर्धा चहा तसाच ठेवला. "भामरे, काढा सगळ्या. नीट लावा."

नटबोल्टच होते. काढता येत होतं. पण भामरे जागचे हलले नाहीत. "ताई, सगळ्या काढतो. रात्रंदिवस माणसं लावतो. पण ती एक नंबरची काढायला सांगू नका. तिला कुंकू लावलंय, नारळ फोडलाय. ती काढायला माझा हात नाही उचलणार."

मॅडमचा चेहरा लाल झाला. त्या मिटलेल्या रांगेत ती एकच झडप उघडी राहणार, अख्ख्या भिंतीचं गणित त्या कोपऱ्यात चुकणार, आणि तिथल्या खोलीत उन्हाची एक तिरीप येणार. त्या तोंड उघडणार एवढ्यात मी हळूच म्हणालो, "मॅडम, आपला जुना मॉनिटर आठवतो?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी भिंतीला टेकलो. मग भामऱ्यांकडे पाहिलं. मग त्या लांबलचक श्वास सोडून म्हणाल्या, "राहू दे. एकदा लावलेलं कुंकू मलाही पुसवत नाही."

भिंत सुलटी झाली. उत्तरेच्या कोपऱ्यातली जागा आम्ही नवी झडप करून भरली. उद्‌घाटनाला आलेल्या पाहुण्यांना ती भिंत म्हणजे काहीतरी परदेशी प्रकार वाटला, आणि दादासाहेबांनी भाषणात ती कांद्याची चाळ असल्याचं सांगितल्यावर लोक विनोद समजून हसले. मुली राहायला आल्या. खिडक्या उघड्या राहिल्या, उन्हाळ्यातसुद्धा.

पण तो एक नंबर मॅडमना डाचत राहिला. त्र्यंबक रोडने जाताना ओढणीतून हमखास पुटपुटायच्या, "एवढं छान तोंड, आणि कोपऱ्यात हा दात पुढे आलेला." कुणी त्या भिंतीचं कौतुक केलं की आधी दात दाखवायच्या. मी एकदा वैतागून म्हणालो, "अहो, कुणाचं लक्षही जात नाही." त्यावर "माझं जातं ना" म्हणाल्या. हे असं त्यांचं. आपल्या चांगल्या कामावर त्यांनी कधी धड प्रेम केलं नाही, आणि याचं मला अजूनही वाईट वाटतं.

ऑफिस बंद करून बडोद्याला जायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. "टपरीवर चहा घेऊ." गाड्या लावून आम्ही रस्त्यापलीकडे उभे राहिलो. संध्याकाळ होत होती, ऊन तिरपं होऊन भिंतीवर पसरलं होतं. आतल्या मुली आम्हाला दिसत नव्हत्या, नुसते आवाज येत होते, कुणी पाठ करत होतं, कुणी कुणाला हाका मारत होतं. त्या बोलक्या भिंतीकडे मॅडम ओढणी बांधूनच पाहत होत्या. दोघींचीही तोंडं झाकलेली, दोघीही एकमेकींना न्याहाळत होत्या.

तेवढ्यात त्या पुढे आलेल्या दातातून एक पोरगी बाहेर डोकावली. नुकतीच न्हालेली, ओले केस मोकळे सोडलेले. अख्ख्या भिंतीत केस वाळवण्यापुरतं ऊन येणारी ती एकच जागा. ती ऐटीत सज्ज्यावर रेलली, रस्त्याकडे बिनधास्त पाहत केस झटकू लागली. मागून दुसरीचा आवाज आला, "ए, उठ ना आता, माझा नंबर आहे!" पहिली हसली आणि हलली नाही. मग दुसरीही तिच्या शेजारी घुसली. दोघींना कुणाचं भय नव्हतं, कुणापासून लपायचं नव्हतं.

मॅडमनी गाठ सोडली. ओढणी खांद्यावर टाकून उघड्या तोंडावर ते पश्चिमेचं ऊन घेत त्या बघत राहिल्या. त्यांना असं मी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. त्या मुलींपैकी एकीने टपरीवरच्या या अनोळखी बाईला हात केला. मॅडमनीही हात वर केला.

"साळवे," त्या म्हणाल्या, "दात नाहीये रे तो पुढे आलेला. हसतेय ती."